भाषा आणि परिसर अभ्यास एकाच घटकात शिकवताना आलेले अनुभव

प्राथमिकच्या वर्गात हे दोन विषय जोडून घटक आखला असेल, तर इथे जरूर लिहा. टाचणवहीत काय होतं यापेक्षा मुलांनी काय लिहिलं, काय विचारलं, ते वाचायला आवडेल.

तिसरीची वर्गशिक्षिका, सातारा जिल्हा
तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपापल्या जिल्ह्याचं असतं, म्हणून मी आठवडी बाजार निवडला. बाजारात जाण्याआधी भाषेच्या तासाला प्रश्न तयार केले. मुलांची गाडी "तुमचं नाव काय?"च्या पुढे सरकेना. मग फळ्यावर दोन प्रश्न लिहिले: 'तुम्ही भाजी विकता का?' आणि 'ही भाजी कुठून आणली?' कशाचं उत्तर लांबलचक मिळेल, एवढंच विचारलं. तिथून प्रश्न बदलले. बाजारात एका मावशींनी सांगितलं, वांगी घरच्या रानातली, लसूण मात्र मार्केट यार्डातला. नकाशा काढताना एका मुलीने वांग्याची रेघ गावातच थांबवली, लसणाची पार तालुक्याबाहेर नेली आणि खाली लिहिलं, "लसूण माझ्यापेक्षा जास्त फिरलाय." दळणवळणाचा धडा त्या एका वाक्यात आला!

चौथीचे शिक्षक, रायगड जिल्हा
6 जून 1674 च्या राज्याभिषेकाची बातमी लिहायला दिली. पुस्तकातली माहिती निळ्या पेन्सिलीने, मनाने घातलेलं हिरव्या. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. कल्पना हवीच, पण ती इतिहास म्हणून खपता कामा नये. एकाची वही सगळी हिरवी झाली, तर तो आपणहून पुन्हा पुस्तक वाचायला बसला.

पाचवीची शिक्षिका, नाशिक जिल्हा
आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी शाळेसमोरच्या तुंबलेल्या गटाराचा अर्ज लिहिला. "लवकर करा" या शब्दांवर वर्गात वाद झाला. लवकर म्हणजे कधी? शेवटी 'पावसाळ्याआधी' असं ठरलं. सरपंचताईंनी अर्ज सभेत मोठ्याने वाचला. तेव्हापासून मुलं निबंधातही मोघम शब्द एकमेकांना दाखवून देतात.

दुसरीचे शिक्षक, मेळघाट
आमची मुलं घरी कोरकू बोलतात. आजी-आजोबांकडून जंगलातल्या भाज्यांची माहिती आणायला सांगितली. वर्गात आधी कोरकूत गप्पा, मग चित्र, मग मराठीत दोन ओळी. पहिल्या खेपेला शुद्धलेखन तपासत नाही, नाहीतर मुलं गप्प होतात. आणि यासाठी दोन तास सलग लागतात. मुख्याध्यापकांशी वेळापत्रकाचं आधीच बोलून ठेवा.