महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत वरचढ हंगाम कोणता?

प्रश्न (नेरूळ): अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्यामुळे मला या खेळाची गोडी लागली. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा 2019 चा संघ सर्वश्रेष्ठ, असे तो ठामपणे म्हणतो. एखाद्या हंगामाचे वर्चस्व नेमके कशावरून ठरवावे?

उत्तर (नौपाडा, ठाणे): आपल्या भाच्याशी मी सहमत आहे. त्या संघाने पंधराही सामने जिंकून 726 गुण केले, आणि अंतिम सामन्यात गतविजेत्या क्लेमसनला 42-25 असे हरवले. मला मात्र सर्वाधिक थक्क करतो तो त्या संघाचा क्वार्टरबॅक (पास देऊन आक्रमण चालवणारा खेळाडू) जो बरो, कारण 2018 मध्ये ज्याच्या नावावर केवळ 16 टचडाउन पास (ज्यावर सहकारी चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवतो असे पास) होते, त्याच खेळाडूने पुढच्या वर्षी असे 60 पास दिले. न्यू ऑर्लिन्सच्या व्यावसायिक संघातून आलेले प्रशिक्षक जो ब्रॅडी यांनी आक्रमणाची पद्धतच बदलल्याने हे शक्य झाले.

उत्तर (वाशी): केवळ आक्रमण पाहणे मला अपुरे वाटते. मायामी विद्यापीठाच्या 2001 च्या संघाने बारा सामन्यांत 512 गुण करताना प्रतिस्पर्ध्यांना अवघे 117 गुण करू दिले, म्हणजे सामन्यामागे दहाही नाहीत.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. तरीही लुइझियाना स्टेटने 2019 मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या मैदानावर 46-41 असा मिळवलेला विजय मला अधिक मोलाचा वाटतो, कारण बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या घरी जिंकणे ही वेगळीच कसोटी असते.

उत्तर (वाशी): हा मुद्दा मान्य, मायामीलाही बोस्टन कॉलेजविरुद्ध विजयासाठी शेवटपर्यंत झुंजावे लागले होते.