रीजन्सी काळातल्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या: नेमकं काय आवडतं?

शाल्मली_र
नणंदेने आग्रह केला म्हणून एक वाचली. 1814 चं लंडन (रीजन्सी म्हणजे 1811 ते 1820, इंग्लंडच्या आजारी राजाऐवजी युवराज कारभार पाहायचा तो काळ), कर्जबाजारी लॉर्ड, पाद्र्याची मुलगी, पहिलं चुंबन थेट शेवटच्या प्रकरणात. कंटाळा नाही आला. पण नाच, घोडागाड्या, पोशाख हे इतर रीजन्सी कादंबऱ्यांतही असतंच. मग प्रार्थना आणि बायबलमुळे गोष्टीत भर काय पडते? की शृंगार वगळला एवढाच फरक? नेहमी वाचणाऱ्यांनी सांगा ना.

एस्तेर_नगर
शाल्मली, मी या कादंबऱ्या कॉलेजपासून वाचतेय, आणि सोज्वळ म्हणून नाही वाचत.

बिघडलेला, जुगारी, देखणा नायक रीजन्सी गोष्टींत सगळीकडे असतो. एरवी नायिकेच्या प्रेमाने तो सुधारतो. आपल्याकडेही 'लग्न झालं की येईल वळणावर' म्हणत मुली दिल्या जातात. आमच्या चर्चच्या मंडळीतही दिल्या गेल्या, आणि त्यांचं पुढे काय झालं ते मी पाहिलंय. चांगली ख्रिस्ती कादंबरी हे ओझं नायिकेच्या डोक्यावरून उतरवते. त्याला सुधारणं हे तिचं काम नाही. तो बायबलमधल्या उधळ्या पुत्रासारखा स्वतःहून, बापाकडे म्हणजे देवाकडे परत येणार. तिच्यासाठी नाही, आणि लग्नाच्या आधी. तोवर तिने 'नाही' म्हणायचं. 'विजोड होऊ नका', म्हणजे विश्वास नसलेल्याशी जोडी जमवू नका, हे बायबलमधलं पौलाचं वाक्य तिला पाठ असतं आणि समोरचा माणूस तर मनापासून आवडलेला असतो. त्या 'नाही'साठी मी वाचते.

आणि रीजन्सीत त्या 'नाही'ला वजन आहे. 1753 च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडले तर सगळ्यांचं लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लागायचं, तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचून किंवा परवाना काढून. (आमच्याकडे अजूनही नावं वाचतात.) घटस्फोट घेऊन दुसरं लग्न करायचं तर संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. आधी करार केला नसेल तर बायकोचा पैसा नवऱ्याचा. चुकीच्या माणसाला 'हो' म्हटलं की परतीचा रस्ता जवळजवळ नाहीच.

पश्चात्ताप खरा आहे का, हे तपासायलाही तो काळ कठोर आहे. गुलामांचा व्यापार 1807 मध्ये बंद झाला, पण गुलामी संपवणारा कायदा यायला 1833 उजाडलं. म्हणजे 1815 चा लॉर्ड चर्चमध्ये गुडघे टेकतो तेव्हा त्याचं उत्पन्न जमेकातल्या उसाच्या मळ्यातून येत असू शकतं. त्या मळ्याचं तो काय करतो, हे लेखिकेने दाखवायलाच हवं. एका प्रवचनात माणूस पालटणारी कादंबरी मी तिथेच मिटते.

जुनी_पानं
एस्तेरताई, 'नाही'बद्दल अनुमोदन. पण माझी तक्रार आहे. यातल्या बऱ्याच नायिका आजच्या अमेरिकन चर्चमधल्या मुलींसारखं बोलतात. तेव्हाच्या उमराव घराण्यांत धर्माचा उत्साह दाखवणं गावंढळ समजलं जायचं. पाद्र्याची जागा तर जमीनदाराच्या हातात असे, धाकट्या मुलाची सोय म्हणून द्यायची.

एस्तेर_नगर
अगदी खरं, आणि मला तर गोष्ट तिथेच दिसते. केंब्रिजला चार्ल्स सिमियन हा असाच उत्साही पाद्री उपदेशाला उभा राहिला तर चर्चमधल्या विरोधकांनी आपापल्या दारं असलेल्या बाकांना कुलपं लावली होती. लोक बाजूच्या मोकळ्या जागेत उभं राहून ऐकत. अशा मंडळीत जाणाऱ्या मुलीला वरच्या वर्तुळात काय किंमत मोजावी लागेल, हे कोणी नीट लिहिलं तर मी रात्र जागवून वाचेन. भाषेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. आजची प्रार्थना जुन्या पोशाखात घातली की मलाही खटकतं.

घाटावरचा
मी या कादंबऱ्या वाचत नाही, पण एक सुचलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले ते फेब्रुवारी 1813 मध्ये, ऐन रीजन्सीत. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. त्याच वर्षी संसदेने कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. यावर का नाही कोणी लिहीत?

एस्तेर_नगर
मराठीत लिहा, पहिली वाचक मी! आमच्या नगरच्या मिशनचं मूळ तेच.

शाल्मली_र
ताई, आता मळ्याच्या प्रश्नासाठी पुन्हा चाळते. माझ्या लॉर्डने कर्ज फेडलं कशातून, ते पाहिलंच नव्हतं. पुढची कुठली घेऊ?

एस्तेर_नगर
लंडनच्या मेजवान्यांची नको. खेड्यातल्या क्युरेटची शोध, म्हणजे तुटपुंज्या पगारावरचा सहायक पाद्री. घरात पैसा नसला की 'नाही' म्हणणं किती अवघड असतं, ते तिथे नीट कळतं.