प्रतिसाद : प्लॅट्सबर्ग, १८१४

प्रश्न असा : अमेरिका-ब्रिटन युद्धात प्लॅट्सबर्गवर (न्यूयॉर्क राज्य) चालून आलेला ब्रिटिश सेनापती प्रेव्हो दहा हजारांची फौज असून माघारी का फिरला? उत्तर गावालगतच्या शँप्लेन सरोवरात आहे. त्याची रसद पाण्यावरूनच आणायची होती, म्हणून सरोवरावरची लढाई हरताच त्याला मागे फिरावं लागलं.

११ सप्टेंबरला अमेरिकी आरमारप्रमुख मॅकडोनाने जहाजं उपसागरात नांगरूनच लढवली. खरी करामत दोरखंडांची. त्याच्या 'साराटोगा' या मुख्य जहाजाच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दोन्ही अंगांना आधीच लहान नांगर टाकून त्यांचे दोर जहाजावर घेतले होते. उजवीकडच्या तोफा निकामी होताच दोर खेचून जहाज जागच्या जागी फिरवलं, डावीकडच्या ताज्या तोफा समोर! ब्रिटिशांच्या 'कॉन्फियान्स' या मुख्य जहाजालाही वळायचं होतं. ते अर्धवट फिरून अडकलं आणि शरण गेलं. ब्रिटिश आरमाराचा प्रमुख डाउनी सुरुवातीलाच मारला गेला होता.

पुढे ब्रिटिश सेनानी वेलिंग्टननेही आपल्या सरकारला कळवलं, सरोवरांवर वर्चस्व नसताना तहात अमेरिकेकडे मुलूख मागता येणार नाही. डिसेंबरात गेंटचा तह झाला, तो युद्धापूर्वीच्याच सीमांवर.