मदत हवी आहे: जुन्या विमानाच्या पंखावरचा रंग तडकलाय, कोणता रंग मारू?

अनेरकाठचा:
मंडळी, अर्जंट आहे. विमानाच्या पंखांवरचा आणि शेपटीवरचा रंग तडकलाय. कापडी विमान आहे, जुनं. कुठला रंग मारला म्हणजे तडे बुजतील? किती लिटर लागेल तेही सांगा. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, त्यामुळे "गूगल करा" छाप उत्तरं नकोत. फोटो जोडलाय.

बाल्सावाला:
फोटो उघडत नाहीये. स्पॅन (पंखांची एकूण लांबी) किती आहे? टिश्यू कागद लावलाय की प्लॅस्टिकची फिल्म? टिश्यू असेल तर पातळ डोपचे (कागद-कापड ताठ करणाऱ्या लॅकरचे) दोन हात मारा आणि रात्रभर पंखांवर सपाट वजन ठेवा, नाहीतर पीळ पडतो. माझं पाच फुटी मॉडेल असंच वाचवलं होतं.

अनेरकाठचा:
छत्तीस फूट. मॉडेल नाहीये हो, खरं विमान आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक. फोटो परत टाकला.

बाल्सावाला:
अरे बाप रे. मग वजन ठेवू नका.

मिस्त्री_ऑटो:
भाऊ, सोपं काम आहे. मी जळगावात वीस-बावीस वर्षं गाड्यांचं पेंटिंग करतोय. तडे घासून घ्या, एनसी पुट्टी भरा, प्रायमर मारा, वरून टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग). आरशासारखं होईल. दोन्ही पंखांना मिळून सात-आठ लिटर धरा.

हँगर_नंबर_दोन:
कृपा करून वरचं काहीही करू नका. पत्र्यावर पुट्टी बसते कारण पत्रा हलत नाही. ताणलेलं कापड वाऱ्याने, उन्हाने, कुणी नुसतं बोट लावलं तरी हलतं. ताठ पुट्टी दोन महिन्यांत खपलीसारखी निघेल आणि निघताना खालचे थर घेऊन जाईल.

रंगाचं नंतर बघू. आधी मला सांगा: कापड सुती आहे, लिनन की पॉलिएस्टर? त्यावर डोप आहे की दुसरं काही? विमान उडतं की ठेवलेलं आहे? उघड्यावर असतं का? तडा रंगापुरता आहे की फटीत कापडाचे धागे दिसतात? मी एएमई (विमानांची देखभाल करणारा इंजिनियर) होतो, आता निवृत्त. या पाच गोष्टी कळल्याशिवाय लिटरचा हिशेब सांगणारा माणूस थापा मारतोय असं समजा.

मिस्त्री_ऑटो:
आम्ही थापा मारतो म्हणे. साहेब, नारळ फोडायच्या आदल्या रात्री आख्खी ट्रॅव्हल्स रंगवून दिलेली आहे.

अनेरकाठचा:
कापड कापडासारखंच आहे. वरून पांढरं, सोललं की चंदेरी थर दिसतो. विमान उडत नाही, आमच्या संस्थेच्या आवारात ठेवलंय. मी वर्कशॉपला आहे. वर्धापनदिनाला मोठे पाहुणे येणार आहेत आणि विमानासमोर फोटो काढायचाय. एवढंच आहे हो.

केळीचं_पान:
भो, हाई इमान कथा शे? पोरेस्ले दखाडनं शे.

पाटणादेवी:
धुळ्यापासून लांब नसाल तर गोंदूरच्या धावपट्टीवर जाऊन विचारा ना. बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंग तिथे चालतं. शिरपूरकडे तांडे गावालाही धावपट्टी आहे. तिथले मेकॅनिक पाच मिनिटांत सांगतील.

हँगर_नंबर_दोन:
जाऊन यायला हरकत नाही, पण आजकाल शिकवायची बहुतेक विमानं पत्र्याची नाहीतर कंपोझिटची. आत्ताच्या पोरांनी डोपचा वासही घेतलेला नसतो.

चंदेरी थर दिसतो हे चांगलं झालं. ती डोपमध्ये कालवलेली ॲल्युमिनियमची पूड. ती सूर्याचं अतिनील ऊन अडवते. तो थर शाबूत असेपर्यंत खालच्या सुती कापडाला जीव असतो, तो उघडा पडला की खान्देशातलं ऊन दोन-चार उन्हाळ्यांत कापड कुजवतं. रात्री पंखाच्या आत तपासणीच्या झाकणातून छोटा एलईडी सोडा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून ऊनही आत जातंय.

कापूसकोंड्या:
कापडच बदला की. खान्देशात कापसाला काय तोटा? चांगला मांजरपाट आणायचा, खळ लावायची, ताणून बसवायचा. खर्च हजारात.

हँगर_नंबर_दोन:
मांजरपाट नाही चालत. विमानाचं ग्रेड-ए सुती कापड लांब धाग्याचं, मर्सराइझ केलेलं असतं. इंचाला ८० ते ८४ धागे, आणि एक इंच रुंद पट्टी नवी असताना ८० पौंड ताण सोसते. पुष्पकसारख्या हलक्या, सावकाश विमानाला ६५ पौंडांचं कापडही चालतं, पण वापरात ते ४६ च्या खाली गेलं की विमान जमिनीवरच ठेवायचं.

कापूसकोंड्या:
लांब धागा आपल्याकडे होत नाही हे कुणी सांगितलं? प्रश्न भावाचा आहे. जिनिंगवाले ओलावा दाखवून कापतात आणि

(संपादक: कापसाच्या भावाचा धागा वेगळा आहे, चर्चा तिकडे न्यावी.)

जुनं_ते_जपा:
मी वस्तुसंग्रहालयात काम करते. माझा आग्रह वेगळा आहे: काहीही रंगवू नका! पुष्पक १९५८ साली पहिल्यांदा उडालं, हिंदुस्थान एरोनॉटिक्सने दीडशेच्या आसपासच बनवली. पंखावर व्हीटी पासून सुरू होणारी नोंदणीची अक्षरं असतील तर तो त्या विमानाचा दाखला आहे. रंगाच्या सुटलेल्या खपल्या जागच्या जागी चिकटवा, धूळ झाडा, सावलीत ठेवा आणि शेजारी फलक लावा.

मिस्त्री_ऑटो:
म्हणजे पाहुण्यांना पोपडे दाखवायचे?

जुनं_ते_जपा:
हो, पोपडेच. खरे आहेत ते.

बाल्सावाला:
अवांतर: पुष्पक म्हणजे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या चमूचं काम. आपला कोल्हापूरकडचा माणूस. शंभर टक्के स्वदेशी.

हँगर_नंबर_दोन:
घाटग्यांबद्दल आदर आहेच, पण शंभर टक्के म्हणू नका. इंजिन कॉन्टिनेंटलचं, आणि आराखडा अमेरिकन एरोंका चीफच्या शेजारी ठेवला तर घराणं ओळखू येतं. त्याने काही कमीपणा येत नाही. फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी पोरं त्यावर शिकली.

बाल्सावाला:
घराणं सारखं म्हणजे नक्कल नव्हे.

अनेरकाठचा:
इतिहासाचा धागा वेगळा काढा ना प्लीज. फोटो आता उघडतोय का? गोल गोल तडे आहेत, एकाभोवती एक. पंखाच्या वरच्या बाजूला जास्त.

हँगर_नंबर_दोन:
उघडला. यांना रिंगवर्म म्हणतात. डोप जुना झाला की त्यातला लवचीकपणा देणारा घटक उडून जातो आणि थर काचेसारखा ठिसूळ होतो. मग एखाद्या जागी ठोका बसला की तिथून वर्तुळं उमटतात. वरच्या बाजूलाच जास्त आहेत म्हणजे वरून काहीतरी पडलंय. गारपीट झाली होती का?

अनेरकाठचा:
फाल्गुनात झाली होती. तेव्हा शेड नव्हती, शेड आत्ता झाली. शेपटीवर मात्र वर्तुळं नाहीत, सरळ बारीक तडे आहेत.

हँगर_नंबर_दोन:
हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर दोन पानं वाचली असती. आता चाचणी करा. कापसाच्या बोळ्याला थोडं ॲसिटोन लावून शेपटीवर आणि पंखावर न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवा. डोप असेल तर पांढरं सुटून बोळ्यावर येईल. डोपचे दोन प्रकार, नायट्रेट आणि ब्युटिरेट; दोन्ही ॲसिटोनमध्ये विरघळतात. (नायट्रेट डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोज, नेलपॉलिशमध्ये असतं तेच.) टू-पॅक रंग असेल तर बोळा कोरा राहील.

कापडाच्या आतल्या एखाद्या सुट्या कडेचे दोन धागे काढून विमानापासून लांब, अंगणात नेऊन जाळा. राख झाली तर सुती, गोळी होऊन वितळलं तर पॉलिएस्टर. लांब म्हणजे खरोखर लांब. नायट्रेट डोप पेट्रोलसारखा पेटतो.

कापूसकोंड्या:
पॉलिएस्टर असेल तर इस्त्री फिरवा, ताणलं जातं. ब्लाउजपीसचा अनुभव.

हँगर_नंबर_दोन:
उघड्या पॉलिएस्टरला मोजून १२० अंशांपासून सुरुवात करतात आणि १७७ च्या वर कधीच जात नाहीत. पण यावर डोप चढलेला आहे. डोपवर इस्त्री ठेवलीत तर शेडसकट जाल.

अनेरकाठचा:
केलं. जळून राख झाली, म्हणजे सुती. शेपटीवर बोळा पांढरा झाला, पंखावर कोराच राहिला. असं कसं?

मिस्त्री_ऑटो:
पंख कुणीतरी पीयूने मारलेत. मी सांगतो ना, ही चमक गाडीच्या रंगाची आहे. आमच्याच धंद्यातलं कुणीतरी.

अनेरकाठचा:
हो, मागे एका कार्यक्रमाआधी गावातल्या पेंटरकडून फक्त पंख मारून घेतले होते. त्याचा इथे काय संबंध?

हँगर_नंबर_दोन:
सगळा संबंध तोच आहे! मिस्त्रीभाऊ, ओळख बरोबर.

शेपटी डोपची आहे, ती सुधारता येईल. साबणपाण्याने धुवा, वाळवा, पॉलिश किंवा मेण काढून टाका. ४०० नंबरच्या पेपरने ओलं घासा, आतल्या बरगड्यांना (सांगाड्याच्या पट्ट्यांना) कापड जिथे शिवलंय त्या शिवणीवर हात हलका ठेवा. तिथे टेप घासला गेला तर शिवण उघडी पडते. मग रिजुव्हिनेटर फवारा. त्यात तोच उडालेला घटक आणि सॉल्व्हंट असतात, ते जुन्या थरात मुरून थर मऊ करतात आणि बारीक तडे मिटतात. वाळल्यावर चंदेरी ब्युटिरेट, मग पांढरा. नायट्रेटवर ब्युटिरेट चालतो, ब्युटिरेटवर नायट्रेट नाही, धरत नाही. एक लक्षात ठेवा: रिजुव्हिनेटरने रंग ताजा होतो, कापडाची गेलेली ताकद परत येत नाही.

सध्या दुपारी ४३-४४ अंश असतील तर फवारलेलं हवेतच वाळून खरखरीत बसेल. सकाळी लवकर करा. पाऊस लागल्यावर करू नका, दमट हवेत डोपवर पांढरी साय धरते. अंगात सुती कपडे, खाली जमीन ओली, शेड उघडी, हॅलोजन नाही, विडीवाला नाही. कोरडं घासलं तर स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते.

पंखांवर रिजुव्हिनेटर वाया जाईल, पीयूतून तो झिरपत नाही. पेंट रिमूव्हर लावलात तर पीयूबरोबर डोपही जाईल. पंखांचा खरा इलाज म्हणजे जुनं कापड उतरवून नवं चढवणं, आणि ते एका महिन्यात होत नाही.

जुनं_ते_जपा:
म्हणजे पंख आहेत तसे ठेवायचे. मी हेच म्हणत होते.

हँगर_नंबर_दोन:
तुमचं कारण वेगळं होतं. पण हो.

मिस्त्री_ऑटो:
पंखांच्या तड्यांवर पांढरी कापडी टेप लावून दोन हात मारले तर फोटोत कुणाला कळणार नाही. उडायचंच नाहीये तर वजनाची काय भीती?

हँगर_नंबर_दोन:
उडणारं असतं तर मी तुमच्याशी भांडलो असतो. नुसतं ठेवायचं असेल तर निघेल अशी टेप लावा, वर रंग नको. उद्या कुणाला नीट काम करायचं झालं तर सोलता आली पाहिजे.

अनेरकाठचा:
ठरलं. शेपटीला रिजुव्हिनेटर, पंखांना टेप. प्राचार्यांना पटवतो. मिस्त्रीभाऊ, व्यनि करतो, फवारणीची गन आणि माणूस लागेल.

मिस्त्री_ऑटो:
गन आपली, माणूसही आपलाच. पण साहेबांनी सांगितलं तसंच करायचं असेल तर पहाटे पाचला चहा तुमच्याकडून.

केळीचं_पान:
इमान आवरेज किती देस?

बाल्सावाला:
विमानाचं तासावर मोजतात. त्या इंजिनाला तासाला साधारण वीस लिटर.

अनेरकाठचा:
इंजिन नाहीये त्यात. आलं तेव्हापासूनच नव्हतं.

हँगर_नंबर_दोन:
हे आत्ता सांगताय? नाकाचं वजनच गेलंय म्हणजे. वादळी वाऱ्यात ते शेडमध्येसुद्धा उचललं जाईल. दोन्ही पंखांचे स्ट्रट (पंखाला खालून आधार देणारे दांडे) आणि शेपटी जमिनीतल्या कड्यांना दोरांनी बांधा आणि इंजिनाच्या जागी वाळूची पोती ठेवा. रंगाच्या आधी हे करा.

अनेरकाठचा:
शेपटी बांधलेली आहे. पंखांचं उद्या करतो.