सॉकेट बदलला की काय उरतं?
असेंबल्ड पीसीत, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या कॉम्प्युटरमध्ये, कुठलाही भाग केव्हाही बदलता येतो, असं म्हटलं जातं. ते सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, बदलेपर्यंतच खरं. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या २०१६ च्या एएम४ सॉकेटवर पुढे रायझन ५००० ही प्रोसेसरची मालिकाही आली; बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की काम झालं. ग्राहकाचा तो खरा फायदा. एएम५ या पुढच्या सॉकेटला जायचं तर मात्र प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम तिन्ही घ्यावं लागतं.

आणि सुट्या भागांच्या वेगाचं काय? सुट्या भागांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीनेही २०२५ च्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डर केली, म्हणजे बोर्डावर कायमची जोडली, कारण त्यातल्या रायझन एआय मॅक्स प्रोसेसरच्या २५६ बिट मेमरी बसला (प्रोसेसर आणि रॅममधल्या डेटाच्या वाटेला) लागणारा वेग सुट्या रॅमवर मिळेना.

तरी घरासाठी मी असेंबल्डच सुचवेन. एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) जळला तर तेवढाच बदलता येतो. ब्रँडेड घेणार असाल तर त्यातला एसएमपीएस एटीएक्स या प्रमाणित मापाचा आहे ना, हे आधी बघा. काहींत वेगळ्याच आकाराचा असतो.