ढगांतून जाताना विमान थरथरले, तेव्हा वैमानिक काय करतात?

प्रश्न (भुसावळ): जळगावहून निघालेल्या एटीआर (प्रॉपेलरवर, म्हणजे मोठ्या पंख्यांवर चालणाऱ्या छोट्या प्रवासी) विमानात ढगांतून जाताना आसनापर्यंत थरथर जाणवली आणि काही मिनिटांनी ती थांबली. अशा वेळी वैमानिक नेमके काय तपासतात?

उत्तर (धुळे): एटीआर ७२-६०० या प्रकारच्या विमानाच्या प्रत्येक प्रॉपेलरला ६ पाती असतात. त्यांवर बर्फ असमान साचला की तोल बिघडतो, म्हणून पाती तापवणारी यंत्रणा चालू असल्याची खात्री करून वैमानिक प्रॉपेलरचे फेरे वाढवतात, जेणेकरून बर्फ झटकला जाईल. तरीही थरथर राहिली, तर ते एका वेळी एकाच इंजिनाची शक्ती बदलून पाहतात. दोन्ही एकदम बदलल्यास दोष कोणत्या बाजूचा आहे, हे कळतच नाही.

उत्तर (चोपडा): वेग किंवा फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) बदलताच थरथर बदलली, तर संशय बाहेरच्या सैल भागाकडे वळतो. उतरल्यावर नोंदवहीत वेग, उंची व इंजिनाची शक्ती लिहिणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण जमिनीवर तो दोष अनेकदा दिसतच नाही.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आईने माझा हात घट्ट धरला होता; तिला हे आज समजावून सांगतो.