सिकलसेल रुग्णांच्या प्लेटलेटवर पीएचडी: नमुना लॅबपर्यंत टिकेल का?

पीएचडी_गडचिरोली
विषय: सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णांच्या प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) किती चटकन एकमेकींना चिकटतात. रुग्ण धानोरा-एटापल्लीकडचे, हे चिकटणं मोजणारं यंत्र अ‍ॅग्रिगोमीटर नागपुरात. आरोग्य केंद्रात रक्त काढून बर्फाच्या डब्यातून पाठवलं तर चालेल? की विषयच बदलू? पुढे याच क्षेत्रात राहायचंय.

रक्त_वर्धा
बर्फ नको! थंडीत प्लेटलेट चपटा आकार सोडून गोल होतात, काही न घालताच सक्रिय होतात. २०–२५ अंश लागतात. मे महिन्यात आपल्याकडची जीपही त्यासाठी नालायक. शिवाय रक्त काढल्यापासून चार तासांत चाचणी आटोपावी लागते. एटापल्लीहून नागपूर गाठेपर्यंतच तेवढे जातात.

सिकलसेलमध्ये आणखी एक भानगड. तांबड्या पेशी फुटून एडीपी (प्लेटलेटना चिकटायला लावणारं रसायन) सुटतं, प्लेटलेट त्याला आधीच सरावतात आणि मशिनवर एडीपी घातल्यावर फारसा प्रतिसाद देत नाहीत. आलेख पाहून वाटतं, प्लेटलेटच दुबळ्या आहेत. म्हणून रक्त काढताना आणखी पेशी फुटू नयेत यासाठी २१ गेजची सुई, दंडाची पट्टी कमीत कमी वेळ, पहिले २–३ मिली वेगळ्या नळीत. ३.२ टक्के सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) एक भाग, रक्त नऊ भाग. नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. गेल्या दहा दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली का, हे नीट विचारा, ती प्लेटलेटचं चिकटणं दाबते. 'अंगदुखीची गोळी' म्हणून घेतलेली असते, नाव माहीत नसतं.

सेंट्रीफ्यूजवाला
प्लेटलेटयुक्त प्लाझ्मासाठी (रक्तातला वरचा पिवळट द्रव) नळी सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात फिरवणाऱ्या यंत्रात, २०० जी (गुरुत्वाच्या २०० पट), १० मिनिटं, ब्रेक बंद. आरपीएम (मिनिटाला फेरे) दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका: रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर सुमारे १,०९० आरपीएम, त्रिज्या बदलली की आकडा बदलला. मध्येच लाईट गेली तर तो नमुना सोडून द्या, पुन्हा फिरवू नका.

पीएचडी_गडचिरोली
मशीन इकडे आणणं शक्य नाही. मग?

रक्त_वर्धा
मग ताई, प्रश्न बदला, क्षेत्र नको. दोन वाटा आहेत.

एक, फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेक पेशी तपासणं). रक्त काढल्याबरोबर तितकंच २ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड (पेशी आहे त्या स्थितीत 'फिक्स' करणारं रसायन) मिसळायचं, अंतिम १ टक्का. पी-सिलेक्टिन (सक्रिय प्लेटलेटच्या पृष्ठभागावर येणारं प्रथिन) किती वर आलंय ते नंतर मोजता येतं. ते ओळखणारी तुमची अँटिबॉडी फिक्स केलेल्या पेशींवर चालते का, ते निरोगी रक्तावर आधी तपासा.

दुसरी वाट मला जास्त पटते: प्लाझ्मा. १,५०० जीवर १५ मिनिटं, वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत, पुन्हा तेवढंच. मायक्रोलीटरला १०,००० पेक्षा कमी प्लेटलेट उरल्या पाहिजेत, नाहीतर गोठवताना त्या फुटून निकाल बिघडवतात. छोट्या नळ्यांत उणे ७० अंशांवर. डी-डायमर (गुठळी विरघळल्याची खूण), फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) दोन्ही निघतात. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात पाचेक मिनिटं. फ्रीजमध्ये सावकाश वितळवलं तर फायब्रिनोजेन खाली बसतं आणि आकडा खोटा कमी येतो.

एथिक्स_समिती
किती मिली रक्त घेणार ते अर्जात लिहा. हिमोग्लोबिन सातचं असलेल्या मुलाकडून २० मिली मागितलं तर अर्ज तिथेच अडकेल.